ग्रीसमधली प्राचीन देवस्थानं गाइड घेऊन रस्त्याने बघायची, तर मार्ग कसा आखावा?

तुम्ही विचारलंय की आईवडील सत्तरीच्या आसपास, तुम्ही दोघं, अथेन्सला उतरल्यावर हाताशी सात दिवस, आणि डेल्फी, ऑलिंपिया, एपिडॉरस गाडी आणि गाइड घेऊन बघायचंय. तर टूरवाल्याने दिलेला चार दिवसांचा कार्यक्रम घ्यावा का?

मार्ग तोच ठेवा, एक दिवस वाढवा आणि मुक्काम बदला. अथेन्स, कॉरिंथ, एपिडॉरस, नाफ्प्लिओ, मायसिनी, ऑलिंपिया, डेल्फी, कालांबाका (मेतेओराच्या डोंगरी मठांच्या पायथ्याचं गाव) आणि परत अथेन्स अशी फेरी साधारण १२०० किलोमीटरची होते. रस्ते उत्तम आहेत, अंतराची अडचण नाही. अडचण वेळेची आहे. चार दिवसांत हे सगळं कोंबलं की प्रत्येक ठिकाणी तुम्ही अकरा ते तीनच्या दरम्यान पोचता. ऊन डोक्यावर असतं आणि बाकीच्या बसेसही तेव्हाच दारात लागलेल्या असतात.

पाच दिवस असे लावा. पहिल्या दिवशी अथेन्सहून कॉरिंथचा कालवा, एपिडॉरस आणि नाफ्प्लिओत मुक्काम. दुसऱ्या दिवशी दार उघडताच मायसिनी, मग त्रिपोलीमार्गे ऑलिंपिया. संध्याकाळी तिथलं संग्रहालय. तिसऱ्या दिवशी सकाळी ऑलिंपियाचे अवशेष, दुपारी पात्राजवळचा रिओ-अँतिरिओ पूल ओलांडून डेल्फी. चौथ्या दिवशी दुपारपर्यंत डेल्फी, मग कालांबाका. पाचव्या दिवशी मेतेओरा आणि परत. अथेन्सला दोन दिवस उरतात, ते पुरतात. यात डेल्फीचा मुक्काम अजिबात सोडू नका. अथेन्सहून डेल्फी एका बाजूने सुमारे १८० किलोमीटर आहे. एका दिवसात जाऊन-येऊन केलंत, तर चढ नेमका भर उन्हात चढावा लागतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. ही अवशेषांची यादी नाही, ही देवस्थानं आहेत, आणि ती तशी बघितली तरच उलगडतात. आपण देवळात गाभाऱ्यासमोर उभं राहून दर्शन घेतो. ग्रीक देवळात मूर्ती आत असायची, पण मुख्य विधी, म्हणजे बळी आणि आहुती, बाहेर उघड्यावर, बहुधा पूर्वेच्या दारासमोरच्या वेदीवर व्हायचे. लोक देवळाच्या खांबांचे फोटो काढतात आणि वेदीला पाठ करून उभे असतात. म्हणून प्रत्येक ठिकाणी गाइडला आधी तीन गोष्टी विचारा: वेदी कुठे होती, पाणी कुठून यायचं, आणि भाविक कोणत्या वाटेने आत यायचे.

एपिडॉरसला हे लगेच पटेल. इ.स.पू. चौथ्या शतकातलं नाट्यगृह अप्रतिमच आहे. ५५ रांगा, खालच्या ३४ आणि वरच्या २१. पण ते अस्क्लेपिओस या वैद्यदेवाच्या ठाण्याचा एक भाग होतं. बहुतेक गट नाट्यगृहात नाणं टाकून आवाज ऐकतात आणि परत फिरतात. तिथून पाच मिनिटं चाललं की अबातॉनचे अवशेष आहेत. तिथे आजारी माणसं रात्री झोपायची. देव स्वप्नात येऊन बरं करतो किंवा उपाय सांगतो, अशी श्रद्धा. बरे झालेल्यांच्या हकिकती कोरलेल्या शिळा वाटेतल्या छोट्या संग्रहालयात आहेत. कार्यक्रमात एपिडॉरसला तासभर लिहिला असेल, तर दोन तास मागून घ्या.

कालव्यावर पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. १८९३ साली पुरा झालेला, जेमतेम सव्वासहा किलोमीटर लांबीचा, पुलावरून सरळ खाली बघायचा.

मायसिनी हे देवस्थान नव्हे, राजगड आहे, आणि बाकी सगळ्यापेक्षा सात-आठशे वर्षांनी जुना. सिंहद्वार इ.स.पू. १२५० च्या सुमाराचं. श्लीमन या जर्मन उत्खननकर्त्याला १८७६ साली ज्या थडग्यांत सोन्याचा मुखवटा सापडला, ती दारातून आत शिरताच उजव्या हाताला. मुखवटा मात्र अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. इथलं तिकीट टाकून देऊ नका. खाली रस्त्यावर ‘अत्रेउसचा खजिना’ म्हणतात ती घुमटाकार समाधी त्याच तिकिटावर बघायची असते. तिच्या दारावरचा आतला दगड सुमारे १२० टनांचा आहे. त्याच्यावर भार येऊ नये म्हणून वर त्रिकोणी पोकळी सोडलीय, ती बाहेरूनच दिसते. पाट्यांवर गावाचं नाव ‘मिकिनेस’ असं वाचायला मिळेल. गाडी स्वतः चालवणार असाल तर हे लक्षात ठेवा. पुरातत्त्व स्थळांच्या पाट्या तपकिरी असतात.

ऑलिंपिया सपाटीवर आणि झाडीत आहे, आईवडिलांना सगळ्यात सोपं. ग्रीकांचा देवराज झ्यूस, त्याच्या देवळाचे खांब भूकंपात कोसळले, ते कापलेल्या मुळ्याच्या चकत्यांसारखे एकावर एक कलंडून पडलेत. झ्यूसची वेदी दगडाची नव्हती. बळींची राख वर्षानुवर्षं थापून तिचा ढीग झाला होता, म्हणून आज तिचा मागमूस नाही. क्रीडांगणात धावपट्टीच्या सुरुवातीला दगडी पट्टी आहे. वाकून बघा, पायाची बोटं रोवण्यासाठी तिच्यात दोन समांतर खाचा आहेत. तिथून पलीकडच्या पट्टीपर्यंत सुमारे १९२ मीटर. हल्लीच्या ऑलिंपिकची ज्योत हेराच्या देवळासमोर अंतर्वक्र आरशाने उन्हावर पेटवतात. ती जागाही वाटेतच आहे.

डेल्फीला निवांत अर्धा दिवस द्या. अपोलोचं हे देऊळ म्हणजे कौल घेण्याचं ठिकाण. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात, ती कल्पना डोक्यात असली की इथला क्रम पटकन समजतो. कौल महिन्यातून एकदा, सातव्या दिवशी, आणि तोही वर्षातले नऊ महिनेच. हिवाळ्यात अपोलो तिथे नसतो अशी समजूत. आधी कास्तालियाच्या झऱ्यावर शुद्धी, मग देणगी, मग बोकड. त्याच्या अंगावर गार पाणी शिंपडायचे. तो थरथरला तर देवाची संमती. नाही थरथरला तर त्या दिवशी प्रश्नच विचारायचा नाही. मग आत तिवईवर बसलेली पिथिया, म्हणजे अपोलोची पुजारीण, उत्तर द्यायची. नवी वसाहत कुठे करावी, युद्ध करावं का, असे प्रश्न घेऊन नगरराज्यांची माणसं यायची. वाटेच्या दोन्ही बाजूंना त्यांनीच बांधलेली कोषागारं आहेत.

देवळाच्या चौथऱ्याखाली दगडी भिंत आहे, तिच्यापाशी थांबाच. दगडांचे सांधे सरळ नाहीत, वळणदार आहेत आणि एकमेकांत घट्ट बसलेत. जवळ गेलं की दिसतं, दगडांवर बारीक अक्षरांची दाटी आहे. त्यातले शेकडो लेख गुलामांच्या मुक्ततेचे आहेत. मालकाने गुलाम अपोलोला ‘विकायचा’, आणि देवाच्या साक्षीने तो माणूस मोकळा व्हायचा. हा त्या माणसाचा कागद होता, म्हणून तो सगळ्यांच्या नजरेसमोर दगडात कोरलेला. ऊन तिरपं असताना अक्षरं जास्त उठून दिसतात.

चढाचं सांगायचं तर देवळापर्यंत वाट नागमोडी आणि खडबडीत आहे, नाट्यगृह त्याच्या वर, क्रीडांगण आणखी वर. आईवडिलांनी देवळापर्यंत जाऊन सावकाश उतरावं आणि संग्रहालयात बसावं; रथाच्या सारथ्याचा प्रसिद्ध कांस्य पुतळा तिथेच आहे. रस्त्याने थोडं खाली अथीनाचं ठाणं आहे, तीन खांब पुन्हा उभे केलेलं गोल देऊळ असलेलं. टूरच्या बसेस बऱ्याचदा तिथे थांबत नाहीत, तुम्ही थांबायला सांगा.

मेतेओरा प्राचीन नाही, चौदाव्या शतकापासूनचे ख्रिस्ती मठ आहेत. तरी मी ठेवेन, पण दोनच मठ करा. सहा मठ चालू आहेत आणि प्रत्येकाचा सुट्टीचा वार वेगळा; हंगामाप्रमाणे बदलतो, म्हणून निघायच्या आठवड्यात खात्री करा. मोठ्या मठाला सुमारे तीनशे पायऱ्या आहेत. आईवडिलांसाठी सेंट स्टीफनचा मठ बरा, रस्त्यावरून छोट्या पुलाने सरळ आत जाता येतं. बायकांना स्कर्ट लागतो, पँटवरून गुंडाळायला कापड दारात मिळतं. साडी किंवा लांब कुर्ता आणि ओढणी असेल तर प्रश्नच नाही. पुरुषांनी लांब पँट घालावी.

परतीच्या वाटेवर थर्मोपिली लागतं, स्पार्टाच्या मूठभर सैनिकांनी इराणी फौजेला अडवलं ती रणभूमी. इ.स.पू. ४८० मध्ये समुद्र डोंगराला लागून होता म्हणून खिंड अरुंद होती; नदीच्या गाळाने किनारा काही किलोमीटर दूर सरकलाय, त्यामुळे आता सपाट शेतं दिसतात. हे आधी माहीत नसेल तर लोक हिरमुसतात.

टूरवाल्याशी बोलताना: ग्रीसमध्ये पुरातत्त्व स्थळांवर माहिती सांगायचा अधिकार परवानाधारक गाइडलाच आहे. भारतातून बरोबर आलेला टूर मॅनेजर आत काही समजावून सांगू शकत नाही. स्थानिक गाइड कुठे-कुठे आहे, हे लेखी घ्या. ‘फोटो स्टॉप’ लिहिलंय की ‘प्रवेशासह’, हेही वाचा. बसच्या चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे ‘जरा लवकर घ्या’ म्हणून काही होत नाही. गाडी स्वतः चालवायची असेल, तर आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून इथूनच काढून न्या.

अथेन्सच्या ॲक्रोपोलिसचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं, आगाऊ काढा आणि सकाळची पहिली वेळ घ्या. फार उष्णता असली की दुपारी ते काही तास बंद ठेवतात. संगमरवर लाखो पायांनी गुळगुळीत झालाय, तळ रबरी आणि खाचांचा हवा. पायऱ्या न झेपणाऱ्यांसाठी लिफ्ट आहे, पण जोराच्या वाऱ्यात बंद ठेवतात. एप्रिलचा मध्य ते जूनची सुरुवात किंवा सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबर हा काळ धरा. १ मे आणि ऑर्थोडॉक्स ईस्टरचा रविवार टाळा, सगळं बंद असतं.

शाकाहारी असाल तर ‘निस्तीसिमो’ हा शब्द पाठ करा, म्हणजे उपवासाचं, मांस आणि दूध नसलेलं. पण त्यात कालवं-कोळंबी चालते, म्हणून तेही विचारून घ्या. ‘फावा’ म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर ऑलिव्ह तेल आणि कांदा. ‘गेमिस्ता’ म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची; त्यात कधी खिमा असतो, म्हणून ऑर्डर देतानाच ‘होरिस क्रेआस’, बिनमांसाचं, असं सांगा.