वाचकांचे प्रश्न : बल्बचा खरा रोध कोणता?

प्रश्न : माझ्याकडील फिलामेंटच्या बल्बवर २३० व्होल्ट, १०० वॉट असे छापलेले आहे. त्यावरून रोध काढला तर तो ५२९ ओहम येतो; पण बल्ब होल्डरमधून काढून मल्टिमीटरने मोजला, तर जेमतेम ४० ओहम दिसतात. गणित चुकले की मीटर बिघडला?

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत. शक्ती म्हणजे विभवांतर (व्होल्टेज) आणि प्रवाह यांचा गुणाकार. म्हणून १०० ला २३० ने भागले की प्रवाह सुमारे ०.४३५ अँपिअर मिळतो, आणि विभवांतराला या प्रवाहाने भागले की आपले ५२९ ओहम येतात. हे गणित मात्र पेटलेल्या बल्बचे आहे. पेटलेल्या बल्बातील टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली असते, आणि तापमान वाढले की धातूचा रोध वाढत असल्याने तो थंड तारेच्या दहा ते पंधरा पट होतो. मल्टिमीटर रोध मोजताना इतका क्षीण प्रवाह सोडतो की तार तापतच नाही. साहजिकच आपल्याला थंड तारेचा रोध दिसला.

ओहमचा नियम, म्हणजे प्रवाह विभवांतराच्या प्रमाणात बदलतो, हे पाठ करताना ‘वाहकाची भौतिक अवस्था कायम असल्यास’ ही अट आपण घाईने म्हणून टाकतो, पण नियमाचे मर्म तिच्यातच आहे. म्हणून रोध काढायचा असेल, तर विभवांतर आणि प्रवाह एकाच वेळी, त्याच अवस्थेत मोजलेले असावेत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आपले ४० ओहमही निरुपयोगी नाहीत. २३० ला ४० ने भागून पाहावे : बटण दाबल्याच्या क्षणी प्रवाह पावणेसहा अँपिअरपर्यंत जाऊ शकतो आणि तार तापताच, सेकंदाच्या अल्पशा अंशात, तो खाली येतो. जुने बल्ब बहुधा लावतानाच का जातात, ते यावरून कळते.

प्रश्न : १००० वॉटच्या हीटरला २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले, तर शक्ती किती उरेल?

उत्तर : येथे प्रवाह माहीत नसल्यामुळे विभवांतराच्या वर्गाला रोधाने भागण्याचे सूत्र सोयीचे पडते. २३० च्या वर्गाला १००० ने भागले की रोध ५२.९ ओहम येतो, आणि २०० च्या वर्गाला ५२.९ ने भागले की सुमारे ७५६ वॉट उरतात. विभवांतर १३ टक्क्यांनी घटले, तरी शक्ती जवळजवळ पाव हिश्शाने घटली. हीटरमधील नायक्रोम या मिश्रधातूच्या तारेचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही, म्हणून हे उत्तर विश्वासार्ह आहे. वरील बल्बसाठी हेच गणित केले तर ७५.६ वॉट येतील, परंतु तार कमी तापल्याने तिचा रोधही उतरतो आणि प्रत्यक्ष शक्ती त्याहून थोडी अधिक भरते.

मोटर असलेल्या उपकरणांना हे सरळ गणित लावू नये. प्रत्यावर्ती प्रवाहावर (एसी) २३० व्होल्ट आणि २ अँपिअर यांचा गुणाकार ४६० व्होल्ट-अँपिअर होतो; पण शक्तिगुणांक, म्हणजे या गुणाकाराचा प्रत्यक्ष शक्ती ठरणारा हिस्सा, ०.८ असेल, तर प्रत्यक्ष शक्ती ३६८ वॉटच असते.