कावळा शिवला नाही, म्हणून वडील अडकले का?

"सगळे आत्मे शेवटी सुटतात ना हो?" कोरेगाव तालुक्यातलं माहेर, साताऱ्यात सासर, पतसंस्थेत नोकरी आणि वय एकेचाळीस. ताईंनी खुर्चीत बसता बसता हेच विचारलं. वडील जाऊन तीन महिने झाले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

हा प्रश्न समुपदेशकापर्यंत येतो तो बराच हिंडून. ताईंनी तीन गुरुजींना विचारलं होतं. एकांनी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करायला सांगितला, दुसऱ्यांनी त्रिपिंडी. तिसरे म्हणाले, काही करू नका, नाम घ्या. प्रत्येक उत्तराने दोन-चार तास बरं वाटायचं आणि संध्याकाळी पुन्हा तेच सुरू. चौथं उत्तर समुपदेशकाने दिलं असतं, तर तेही रात्रीपर्यंतच पुरलं असतं. म्हणून "हो, सुटतात" असं म्हणायचा मोह आवरावा लागतो. त्याऐवजी विचारायचं ते एवढंच: डोळ्यांपुढे नेमकं काय दिसतं? कधी दिसतं? आणि दिसल्यावर तुम्ही काय करता?

दिसायची ती तापलेल्या तेलाची कढई. घरात दहा दिवस गरुडपुराण लावलं होतं, तिथून ती आलेली. पण मूळ गाठ दुसऱ्या भेटीत कळली, ती संगम माहुलीच्या घाटावरची.

वडील दारू प्यायचे, आईला मारायचे. ताई शेवटची आठ वर्षं त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. दशक्रियेला कृष्णा-वेण्णेच्या काठावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. मग नेहमीचं सुरू झालं. भाऊ पुढे होऊन म्हणाला, "आईला मी सांभाळतो." चुलते म्हणाले, "जमिनीचं नीट वाटून देऊ." कावळा झाडावरच. शेवटी आत्या म्हणाली, "लेकीत जीव अडकलाय. हात जोड, माफ केलं म्हण." चाळीस माणसांसमोर ताईंनी हात जोडले आणि म्हटलं. कावळा तरीही आला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी नदीवर हातपाय धुवायला गेली.

ताईंच्या डोक्यात हिशोब पक्का बसला: माफी खोटी होती, कावळ्याला ते कळलं, म्हणून वडील अडकले, आणि अडकवणारी मी. म्हणजे 'सगळे सुटतात का' या प्रश्नाआड खरा प्रश्न होता, 'मी माफ न करताही ते सुटतील का?' या दोन प्रश्नांची उत्तरं वेगळ्या ठिकाणी मिळतात. पहिल्याचं उत्तर धर्माचा जाणकार सांगेल, दुसऱ्यावर समुपदेशनात काम होतं. दोन्ही एकत्र ठेवले की माणूस नागबळीच्या खर्चाची जुळवाजुळव करत बसतो आणि राग आहे तिथेच राहतो.

श्रद्धेशी वाद घालायचा नाही, पण श्रद्धेतलीच माहिती अर्धवट असेल तर ती पुरी करून घ्यायला हरकत नसते. ताईंचे मामा कीर्तनकार. ठरलं असं, की एकाच जाणत्या माणसाला, एकदाच, प्रश्न कागदावर लिहून विचारायचा. मामांनी तीन गोष्टी सांगितल्या. पहिलं, काकस्पर्श दहाव्याचा; प्रेताचा पिंड त्याच्या वडील, आजोबा, पणजोबांच्या पिंडांत मिळवतात ते सपिंडीकरण बाराव्याला. ते झालं की गेलेला माणूस पितरांत गेला, आणि दहाव्याला कावळा आला की नाही याने ते थांबत नाही. दुसरं, कावळा न आल्यास दर्भाचा कावळा ही रीत आधीच घालून दिलेली आहे. ती पळवाट नव्हे. तिसरं, लेकीने माफ केलंच पाहिजे असं विधीत कुठे नाही. ती घाटावरची बोलायची पद्धत.

वडील ज्येष्ठात गेले. पावसाच्या तोंडाशी कावळे घरट्यात गुंतलेले असतात. एका सकाळी घाटावर पाच-सहा पिंड असले तर त्यांची पोटंही भरलेली. शिवाय चाळीस माणसं टक लावून बघत असताना हा सावध पक्षी खाली उतरायला कचरतोच. एवढं साधं कारण घाटावर कुणी बोलत नाही, कारण तिथे ते बोलणं शोभत नाही.

आता मुळातला प्रश्न. सातारा-सांगलीकडे काम करणाऱ्याने एवढं तरी माहीत करून घ्यावं, की याचं सगळ्यांना चालणारं एक उत्तर नाही. पुराणांतले नरक भयंकर असले तरी मुदतीचे आहेत. भोग संपला की पुन्हा जन्म. म्हणजे कायमची कढई ताईंच्या परंपरेत नाहीच. पण नरकातून सुटणं वेगळं आणि मोक्ष वेगळा. अद्वैत वेदान्तात अप्पय्य दीक्षित या पंडितांनी सर्वमुक्तीची, म्हणजे शेवटी सगळेच जीव मुक्त होतात, ही बाजू मांडली. उलट द्वैत मताच्या मध्वाचार्यांनी जीवांचे तीन वर्ग केले आणि त्यांतल्या एका वर्गाला कायमचा अंधार सांगितला. या भागातल्या माध्व, म्हणजे मध्वाचार्यांना मानणाऱ्या, घराण्यातला माणूस समोर बसला तर "सगळेच सुटतात हो" हे त्याला खोटं वाटेल. सांगलीकडच्या जैन कुटुंबांत 'अभव्य' जीव माहीत असतात, ज्यांना मोक्ष कधीच नाही. ख्रिस्ती परंपरेत ऑरिजेन या धर्मपंडिताने तिसऱ्या शतकात सगळ्यांच्या उद्धाराची आशा मांडली, आणि 553 च्या सुमाराला ती शिकवण चर्चने नाकारली. तरी ती आशा धरणारे आजही आहेत. म्हणून आधी विचारावं, 'तुमच्या घरात काय मानतात?'

ताईंचं एवढ्यावर भागलं नाही. भागतही नसतं. कारण तोवर सवय जडली होती. रोज सकाळी गच्चीवर काकघास ठेवायचा आणि कावळा शिवेपर्यंत उभं राहायचं, कधी चाळीस मिनिटं, कधी दीड तास. नाही आला तर दुपारपर्यंत अन्न नाही. दोन आठवडे वहीत नोंद ठेवली, तेव्हा 'सुटले असतील ना?' हे दिवसातून आठ-नऊ वेळा विचारलं जातंय असं दिसलं. ही भक्ती नव्हे, खात्री करून घेण्याचं चक्र आहे. प्रत्येक खात्रीने पुढची शंका लवकर येते.

घास बंद करायला सांगितला नाही. ताईंनी ते ऐकलंही नसतं. बंद करायचं होतं ते बघणं. पहिल्या आठवड्यात घड्याळ लावून वीस मिनिटं, दुसऱ्यात पाच. तिसऱ्यात ताटली ठेवायची, गच्चीचं दार लावून खाली यायचं आणि ठरल्या वेळी जेवायचं. चौथ्यापासून घास फक्त अमावास्येला आणि तिथीला. दार लावलं त्या दिवशी त्यांनी भीतीला दहापैकी आठ गुण दिले. पस्तीस मिनिटांनी चार, कुणीही धीर न देता.

तिसऱ्या आठवड्यात घोटाळा झाला. ताई बघत नव्हत्या, पण भाऊ गावाकडून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कावळ्याचे फोटो टाकत होता आणि यजमान हळूच गच्चीत डोकावून "शिवला बरं का" असं सांगत होते. दोघंही प्रेमापोटीच. मग यजमानांना एका भेटीला बोलावलं आणि एक वाक्य ठरवून दिलं: "हा तो नेहमीचा प्रश्न आहे, रात्री पावणेआठला बोलू." पावणेआठला पंधरा मिनिटं, त्याआधी नाही. निम्म्या वेळा पावणेआठपर्यंत प्रश्नच उरत नसे.

तीन महिन्यांच्या दुःखाला आजार म्हणत नाहीत. लांबलेल्या दुःखाचं निदान आयसीडी-11 (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) प्रमाणे किमान सहा महिन्यांनी आणि डीएसएमच्या (अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तकाच्या) 2022 च्या आवृत्तीप्रमाणे मोठ्यांमध्ये वर्षाने करतात. पण आठवडेच्या आठवडे झोप नसेल, 'त्यांच्याकडे जावंसं वाटतं' असं माणूस बोलत असेल, किंवा गेलेला माणूस काही करायचा हुकूम देतोय असं ऐकू येत असेल, तर थांबायचं नाही. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

शंका उतरल्यावर राग वर आला. सहाव्या भेटीत ताई म्हणाल्या, "ते सुटले असतील तर मला ते आवडत नाही. आई अजून रात्री दचकून उठते." हे त्या पहिल्यांदाच मोठ्याने बोलल्या. सगळे सुटतात हे ज्याला दिलासा म्हणून सांगावं, त्याला तोच अन्याय वाटू शकतो. इथे 'माफ करून टाका' म्हणणारा समुपदेशक आत्याच्याच रांगेत जाऊन उभा राहतो. वडिलांनी काय केलं याची यादी ताईंनी लिहिली, साडेतीन पानं. ती माहुलीला सोडायची का, असं त्यांनीच विचारलं आणि त्यांनीच नको म्हटलं.

वर्षश्राद्धाला कावळा अकरापर्यंत आला नाही. भाऊ सारखा गच्चीकडे बघत होता. ताईंनी पानं वाढायला घेतली, पहिलं आईचं. साडेतीन पानं कपाटात आहेत, आणि दर पंधरा दिवसांची भेट अजून चालू आहे.