वडिलांना व्हायरल आहे असं वाटतंय, तरी अँटिबायोटिक द्यायचंच का?

तुम्ही लिहिलंय की वडील 74 चे, तीन दिवस सर्दी-खोकला, ताप 100 च्या आत आणि डॉक्टरांनी 'वय झालंय, रिस्क नको' म्हणून अझिथ्रोमायसिन लिहून दिलंय. मी काही डॉक्टर नाही, पण गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे परळला सेम झालं होतं म्हणून सांगते.

आई 76 ची, डायबेटीस, शुगर कमी करणारी ग्लिमेपिराइड गोळी चालू. साध्या खोकल्याला लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं आणि दुसऱ्या रात्री तीनला ती घामाने भिजून उठली, बघतो तर शुगर 58! साखरपाणी पाजून सावरली. नंतर कळलं की त्या गोळीने शुगर उतरू शकते, शुगरची अशी गोळी चालू असेल तर जास्तच. आणि खोकला मुळात व्हायरलच होता, म्हणजे गोळीचा उपयोग शून्य.

पिवळा-हिरवा कफ आला की बॅक्टेरिया, असं काही नसतं हो. व्हायरल खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, आपल्यालाच धीर नसतो.

यंदा मी डॉक्टरांना सरळ विचारलं, छातीत न्यूमोनियासारखं काही ऐकू येतंय का, नसेल तर दोन दिवस बघू का? ते हसले, म्हणाले गोळी नाही लिहिली तर पेशंट समोरच्या दवाखान्यात जातात. म्हणजे निम्म्या वेळा ते आपल्यासाठीच लिहितात! तुम्हीही फोन करून विचारा, परस्पर बंद मात्र करू नका.

आता उलट बाजू. म्हाताऱ्या माणसांना न्यूमोनियात कधीकधी तापच येत नाही. वडील अचानक गोंधळल्यासारखे बोलायला लागले, धाप लागली, जेवण सुटलं किंवा ऑक्सिमीटर 94 च्या खाली गेला तर तेव्हाच्या तेव्हा दाखवा, तिथे थांबायचं नाही. फ्लूचा संशय असेल तर ओसेल्टामिविर पहिल्या 48 तासांतच जास्त कामाचं, तेही विचारून घ्या. आणि हिंदमाताला वगैरे तुंबलेल्या पाण्यातून चालून आले असतील तर ते आधी सांगा, कारण लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, अशा पाण्यातून होणारा ताप) बॅक्टेरियाचा असतो, तिथे अँटिबायोटिक लागतंच.

हार्टचा त्रास किंवा वॉरफॅरिन (रक्त पातळ करायची गोळी) चालू आहे का वडिलांना? असेल तर अझिथ्रोची पहिली गोळी द्यायच्या आधीच डॉक्टरांच्या कानावर घाला.