सूड कोणाचा, सूड कोणावर

आल्फ्रेड बेस्टरच्या 'द स्टार्स माय डेस्टिनेशन' या विज्ञान कादंबरीचा मराठीत परिचय लिहिणारे एक वाचक पहिल्याच वाक्याला अडलेत. हिला सूडकथा म्हणावं, बदल्याची कथा म्हणावं की प्रतिशोधकथा? नायक सूड घेतो की उगवतो? आणि जाता जाता त्यांनी विचारलंय, 'सूडाचा' लिहायचं की 'सुडाचा'?

'प्रतिशोध' आधी बाजूला काढतो. घडण संस्कृत असली तरी हल्ली हा शब्द मराठीत शिरतो तो हिंदी मालिकांच्या आणि डब केलेल्या सिनेमांच्या दाराने. शिवाय मराठी कानाला 'शोध' म्हटलं की हरवलेली वस्तू आठवते, नाहीतर न्यूटन. त्यामुळे 'प्रतिशोध' वाचताना क्षणभर 'उलटा शोध' असं काहीतरी वाटून जातं. गंमत म्हणजे या कादंबरीला तो चुकीचा अर्थच बरा लागू पडतो, पण त्या भरवशावर शब्द वापरता येत नाही.

'बदला' तसा चालतो, पण त्याचा स्वभाव वेगळा आहे. बदल, बदली, बदला, मोबदला ही सगळी अरबीतून आलेली भावंडं, आणि घराण्याचा धंदा देवाणघेवाणीचा. जमिनीचा मोबदला मिळतो. मुंबईच्या शेअर बाजारात २००१ पर्यंत 'बदला' नावाची रीतसर पद्धत होती, सौदा पुढच्या तारखेवर ढकलायचा आणि त्याचं व्याज मोजायचं. म्हणून 'बदला घेतला' म्हटलं की कुठेतरी तराजू दिसतो. खुनाला खून, आणि व्यवहार मिटला. क्रिकेटच्या बातम्यांतले 'उट्टे काढले' आणि 'वचपा काढला' हे त्याच जातीचे, मागच्या पराभवाची भरपाई झाली की विषय संपला. बेस्टरच्या नायकाचा विषय असा संपत नाही. कथेला 'बदल्याची' म्हटलं तर वाचक भलत्याच गोष्टीची वाट बघत बसेल.

आता सूड. इथे खरा गुंता शब्दाचा नाही, त्याच्या मागे लागणाऱ्या 'चा'चा आहे. 'त्याने भावाचा सूड घेतला' हे वाक्य घ्या. भावाला कोणी मारलं म्हणून सूड घेतला, की भावानेच काही केलं म्हणून? दोन्ही अर्थ निघतात, आणि ज्या समाजात भाऊबंदकी हा शब्द आहे तिथे दुसरा अर्थ मुळीच अशक्य नाही. 'घेणे' या क्रियापदात कारण आणि लक्ष्य दोघंही 'चा'वरच बसतात. 'उगवणे' मात्र दोन खुर्च्या मांडतं. कारणाला 'चा', लक्ष्याला 'वर'. 'अश्वत्थाम्याने द्रोणवधाचा सूड द्रौपदीच्या झोपलेल्या पाच मुलांवर उगवला.' वाक्य मोठं झालं, पण कशाचा आणि कोणावर हे दोन्ही कळलं. त्यातला अन्यायही कळला. सूड उगवणे हा प्रयोग आपण बहुधा तिथेच करतो जिथे 'वर'च्या खुर्चीत भलताच माणूस येऊन बसतो. साहेबाचा राग बायकोवर, सासूचा जाच सुनेवर.

बेस्टरची अख्खी कादंबरी ही 'वर'ची खुर्ची भरण्याची गोष्ट आहे, म्हणून इतकं व्याकरण उगाळलं.

कथा थोडक्यात सांगायलाच हवी, आणि सत्तरीला आलेल्या कादंबरीचा शेवट फोडल्याबद्दल कोणी रागावू नये. १९५६ साली ती आधी इंग्लंडमध्ये 'टायगर! टायगर!' नावाने आली, मग अमेरिकेत 'गॅलक्सी' मासिकात ऑक्टोबर १९५६ ते जानेवारी १९५७ अशी चार हप्त्यांत. पंचविसाव्या शतकात गली फॉयल नावाचा एक अडाणी, कुचकामी समजला गेलेला खलाशी 'नोमॅड' या फुटक्या अवकाशयानात एकटा जिवंत उरलाय. १७० दिवस तो एका कपाटाएवढ्या हवाबंद जागेत तग धरतो. मग 'व्होर्गा' नावाचं यान जवळून जातं, याचे मदतीचे इशारे त्यांना दिसतात, आणि तरीही ते निघून जातं. आजवर कशाचीच इच्छा नसलेल्या माणसाला त्या क्षणी पहिली इच्छा होते.

ही कल्पना बेस्टरला सुचली ती एका खऱ्या घटनेवरून. पून लिम हा चिनी खलाशी. नोव्हेंबर १९४२ मध्ये त्याचं जहाज जर्मन पाणबुडीने बुडवलं आणि अटलांटिकमध्ये एका तराफ्यावर तो १३३ दिवस जगला. जवळून गेलेल्या जहाजाने त्याला उचललं नाही. तराफा म्हणजे पाणबुडीने लावलेलं आमिष असेल, अशी भीती तेव्हा जहाजांना असे. पून लिमने पुढे कोणावर डूख धरल्याचं ऐकिवात नाही. फॉयलने धरला.

'डूख धरणे' हा शब्द इथे अगदी नेमका बसतो. डूख साप धरतो, आणि साप विचार करत नाही. सुरुवातीचा फॉयल तसाच आहे. त्याचा राग माणसांवर नाही, यानावर आहे. पत्र्यावर! पृथ्वीवर परतल्यावर तो 'व्होर्गा'ला बाँबने उडवायला जातो आणि पकडला जातो. इथपर्यंत वाक्य 'व्होर्गाचा सूड' एवढंच आहे, एकच 'चा', आणि त्याला ते पुरतं.

पुढे तो गूफ्र मार्तेल या तुरुंगात पडतो. हा तुरुंग पिरेनीज पर्वताखालच्या गुहांत आहे आणि पूर्ण काळोखात आहे. त्याचं कारण बेस्टरने फार हुशारीने बेतलंय. या जगात माणसं नुसत्या मनाच्या जोरावर हजार मैलांपर्यंत एका जागेहून दुसरीकडे जातात. या क्रियेला 'जाँट' म्हणतात. पण त्यासाठी आपण कुठे आहोत आणि कुठे जायचंय, दोन्ही नक्की ठाऊक लागतं. काळोखात कोंडलं की पहिलंच ठाऊक नसतं, मग भिंतींची गरज फारशी उरत नाही. या काळोखात गुहेच्या रचनेमुळे एक कुजबुज लांबून ऐकू येते. ती कुजबुज जिझबेला मॅक्वीन या कैदी बाईची. ती त्याला बोलायला शिकवते, विचार करायला शिकवते, आणि एक साधा प्रश्न विचारते: यानाला कसली शिक्षा करतोस? तुला सोडून जायचा हुकूम कोणी दिला ते शोध.

'वर'ची खुर्ची इथे पहिल्यांदा मांडली जाते, आणि ती रिकामी आहे.

जाणत्यांच्या लक्षात आलंच असेल की हा सगळा साचा अलेक्सांद्र द्यूमाच्या 'द काउंट ऑफ मोंते क्रिस्तो'चा आहे. १८४४ पासून पॅरिसच्या वृत्तपत्रात क्रमशः आलेली ही कादंबरी सूडकथेचे संकेत जवळजवळ ठरवूनच गेली. अन्याय, अंधारकोठडी, कोठडीतला गुरू, गुप्त खजिना, मग नवं नाव घेऊन श्रीमंताच्या थाटात परत येणं. बेस्टर एकेक संकेत उचलतो. खजिना 'नोमॅड'वरच्या प्लॅटिनमचा, थाट 'सेरेसचा फोरमाइल' या सर्कस घेऊन फिरणाऱ्या उधळ्या धनिकाचा. द्यूमाचा कोठडीतला गुरू आबे फारिया. त्याला द्यूमाने इटालियन केलंय, पण ते नाव आपल्या गोव्याच्या बार्देश तालुक्यातल्या कांदोळीच्या माणसाचं. जुझे कुस्तोदियु द फारिया, जन्म १७५६, पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करून गाजलेला गोव्याचा पाद्री. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी बाईवर हात पसरून उभा असलेला पुतळा त्याचाच. म्हणजे जिझबेलाच्या वंशवेलीत एक बार्देशकर निघतो. परिचयात हे घालाच, अशी माझी आगाऊ सूचना.

एका संकेताच्या बाबतीत मात्र बेस्टर द्यूमापेक्षा आपल्या जवळचा वाटतो. आपल्याकडे सुडाची खूण अंगावर वागवतात. द्रौपदीचे मोकळे केस, चाणक्याची सुटलेली शेंडी. 'वेणीसंहार' नाटकाचं तर नावच त्यावर आहे. सूड पुरा झाला की केस बांधायचे, शेंडीला गाठ मारायची, खूण मिटली. फॉयलच्या चेहऱ्यावरही खूण आहे, वाघासारखं भयानक गोंदण आणि कपाळावर 'नोमॅड'. पण ती त्याने स्वतः घेतलेली नाही. एका लघुग्रहावर राहणाऱ्या विचित्र जमातीने तो बेशुद्ध असताना गोंदली. पुढे शस्त्रक्रियेने शाई निघते, व्रण कातडीखाली राहतात, आणि फॉयल चिडला की रक्त चढून ते पुन्हा उमटतात. त्यामुळे सूड घ्यायचा तर आधी राग गिळायला शिकणं भाग पडतं. इथे द्रौपदी-चाणक्यापेक्षा अश्वत्थामा जास्त आठवतो. कपाळावरची भळभळती जखम घेऊन फिरणारा, न मिटणाऱ्या खुणेचा माणूस.

'व्होर्गा'वरच्या खलाशांना एकेक करून गाठत फॉयल हुकूम देणाऱ्याचं नाव काढायला बघतो, आणि नाव बाहेर पडायच्या आत ते मरतात. दरम्यान त्याचा सूड भलत्यांवरच उगवत जातो. रॉबिन वेन्सबरी या बाईवर तो अगदी सुरुवातीलाच अत्याचार करतो, जिझबेलाला ऐन वेळी सोडून पळतो, म्हणजे 'व्होर्गा'ने त्याच्याशी केलं तेच तो तिच्याशी करतो. (रॉबिनच्या प्रकरणाला लेखकाने द्यायला हवं होतं तेवढं वजन दिलेलं नाही, आणि आज वाचताना ते चांगलंच खटकतं.) शेवटी नाव कळतं. हुकूम देणारी ऑलिव्हिया प्रेस्टाइन, जिच्या तो प्रेमात पडलाय तीच. खुर्ची भरली, पण आता वाक्य पुरं करायची त्याची ताकद संपलेली आहे. उलट आपल्यालाच शिक्षा व्हावी, असं त्याला वाटू लागतं. तिथून पुढे 'सूड' हा शब्द थांबतो आणि 'प्रायश्चित्त' सुरू होतो.

तेव्हा परिचयात 'सूडकथा' बिनदिक्कत लिहा. पहिल्या भागाबद्दल 'डूख धरतो', मधल्या भागाबद्दल 'सूड उगवतो', आणि 'सूड घेतो' शक्यतो कुठेच नको, कारण घेतलेला सूड हाती लागतो आणि फॉयलच्या हाती तो लागत नाही. ब्लर्बवाल्यांचं लाडकं 'सुडाच्या आगीत होरपळणारा' एवढं मात्र टाळा. कादंबरीत फॉयल खरोखरच पेटलेल्या कॅथीड्रलमध्ये अडकतो, तिथे अलंकाराची पंचाईत होईल.

राहिलं शुद्धलेखन. मूळ शब्द 'सूड', दीर्घ. सामान्यरूपात ऊ ऱ्हस्व होतो, फूल-फुलाचा, मूल-मुलाचा, तसं सूड-सुडाचा, सुडाने, सुडासाठी. समासात पहिलं पद जसंच्या तसं राहतं, म्हणून सूडकथा, सूडबुद्धी, सूडनाट्य. एकाच लेखात 'सूडकथा' आणि 'सुडाचा' शेजारी शेजारी आले तर मुद्रितशोधकाने दोन्ही सारखे करू नयेत, एवढं त्याला आधीच सांगून ठेवा.