नवा कोर्स राहू द्या, ते पान आधी तिला दुरुस्त करू द्या

तुमच्या पत्रात ‘आम्ही ठरवलं आहे’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. मुलीचं म्हणणं मात्र एका ओळीत, तेही शेवटी: ‘तिला डेटाबेस आवडतो म्हणे.’ तिच्या हुकलेल्या इंटर्नशिपपेक्षा मला त्या ‘म्हणे’ची काळजी जास्त वाटते.

तिनं जँगोमध्ये (वेबसाइट बांधायची पायथनमधली चौकट) प्रोजेक्ट केला. मुलाखतीत ग्राहकांच्या यादीचं पान उघडायला फार वेळ लागला आणि त्याचं कारण तिला सांगता आलं नाही. एवढ्यावरून तुम्ही ‘वेब तिला जमणार नाही, एआयचा कोर्स लावू’ इथवर पोहोचलात. एका प्रश्नाचं उत्तर आलं नाही म्हणून कोणी शाखा बदलतं का?

शिवाय तुम्ही लिहिता, ‘ओआरएम असताना एसक्यूएल कशाला शिकायचं?’ खरी गफलत इथे आहे. एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा. ओआरएम हा कोड आणि डेटाबेस यांमधला दुवा; तो एसक्यूएल लिहून देतो, पण प्रश्न नीट विचारायचं काम आपलंच राहतं. तिच्या यादीत प्रत्येक नावापुढे ऑर्डरींची संख्या आहे. ती लूपमध्ये, म्हणजे एकेका ग्राहकासाठी वेगळी मोजली, तर पाचशे ग्राहकांसाठी डेटाबेसला पाचशे एक क्वेरी, म्हणजे प्रश्न, जातात: एक यादीसाठी, बाकी प्रत्येकासाठी एक. जँगोचं ॲनोटेट वापरून डेटाबेसलाच ग्रुप बाय (ग्राहकवार गट करून मोजणी) करायला लावलं, तर एका क्वेरीत भागतं. पण त्याच क्वेरीत तक्रारींची संख्याही मागितली की आकडे बिघडतात. एखाद्याच्या तीन ऑर्डरी आणि दोन तक्रारी असतील, तर जॉइनमुळे, म्हणजे तक्ते जोडताना प्रत्येक ऑर्डर प्रत्येक तक्रारीशी जुळल्यामुळे, सहा ओळी तयार होतात आणि दोन्हीकडे सहा दिसतात. डिस्टिंक्ट (सारखं मूल्य एकदाच धरा) लावून संख्या सुधारते. ऑर्डरींच्या रकमेची बेरीज मात्र दुप्पटच राहते. बेरजेलाही डिस्टिंक्ट लावावं, तर सारख्या रकमेच्या दोन ऑर्डरींतली एक गळते. तिथे वेगळी सबक्वेरीच (क्वेरीच्या आतली स्वतंत्र क्वेरी) हवी. आणि यातल्या कशालाही एरर येत नाही! पान झटकन उघडतं आणि चुकीचा आकडा दाखवतं. हे ज्याच्या नजरेला पडतं, तो माणूस कुठल्याही टीमला हवा असतो.

काही जण उलट टोकाला जाऊन ओआरएमच फेकून देतात. त्याचीही गरज नाही. एक ग्राहक उघडून त्याचा पत्ता बदलायचा असेल तिथे ओआरएमनं प्रत्येक नोंदीसाठी बांधून दिलेले ऑब्जेक्ट सोयीचे. अहवालाला नुसते आकडे लागतात, तिथे हजारो ऑब्जेक्ट बांधत बसणं फुकटचं ओझं.

पदव्युत्तर प्रवेश परीक्षा तिला द्यायची असेल तर खुशाल द्यावी, त्याची घाई नाही. एआयच्या कोर्सचे पैसे तूर्त भरू नका. (डेटा सायन्समध्येही हेच ग्रुप बाय रोज भेटतं, पळून जाणार कुठे?) तिला महिनाभर मोकळं सोडा. तयार होणारं एसक्यूएल लॉगमध्ये वाचणं, एक्सप्लेन (डेटाबेस क्वेरी कशी चालवणार ते दाखवणारी आज्ञा) चालवून पाहणं, दोन-चार ग्राहकांचे आकडे हातानं मोजून ताडणं, एवढं तिनं त्या एका पानावर करावं.

त्यानंतर काय करायचं ते तिनं स्वतः मला लिहावं. त्या पत्रावर तुमची सही नको.