वाचकांचे प्रश्न : सिंधूची भूमिका कोणी करावी?

प्रश्न : दांडिया बाजारातील आमच्या मंडळाने यंदाच्या गणेशोत्सवात 'एकच प्याला'मधील काही प्रवेश सादर करायचे ठरवले आहे. सिंधूसाठी सर्वांनी माझ्या सुनेचे नाव सुचवले, कारण तिचा गळा चांगला आहे. तिने मात्र साफ नकार दिला. सर्वस्व गमावूनही नवऱ्याचे पाय न सोडणारी बाई पूजनीय म्हणून दाखवणे हा बाईचा अपमान आहे, असे तिचे म्हणणे आहे. आमच्या पिढीने या नाटकावर जीव टाकला. आता ते अडगळीत टाकायचे का?
— एक ज्येष्ठ वाचक, बडोदे

उत्तर : आपल्या सुनेचा नकार कृपया उद्धटपणा समजू नका. तिने नाटक लक्षपूर्वक वाचले आहे आणि त्यातली जी गोष्ट आपण सर्वांनी कौतुकाच्या भरात नजरेआड केली, तिच्यावर नेमके बोट ठेवले आहे.

या नाटकाशी आपल्या शहराचे नाते फार जवळचे आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि त्यानंतर महिन्याभरातच, २० फेब्रुवारीस, गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग बडोद्यात केला. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व होते आणि पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांची होती. म्हणजे एका पुरुषाने कल्पिलेले, दुसऱ्याने पदांत बांधलेले आणि तिसऱ्याने साकारलेले हे दुःख होते, आणि त्यातून जी स्त्री उभी राहिली तिला पुढे कित्येक वर्षे घरोघरच्या मुलींपुढे आदर्श म्हणून ठेवले गेले. बालगंधर्वांच्या कलेबद्दल मला नितांत आदर आहे, आणि गडकऱ्यांच्या हेतूबद्दलही शंका नाही. त्यांचा रोख दारूवर होता आणि सिंधूचा नवरा सुधाकर याच्या अधःपाताला त्यांनी कोठेही सूट दिलेली नाही. तरीही संपूर्ण नाटकात आपण सुधाकर सुधारेल की नाही याचीच वाट पाहत राहतो. सिंधूला स्वतःला काय हवे आहे, हा प्रश्न तिला कोणी विचारत नाही आणि तीही स्वतःला विचारत नाही. तिचे मोठेपण तिने किती सोसले यावर मोजले जाते. 'कशि या त्यजू पदाला' हे पद मैफलीत ऐकताना आपण सुरांत इतके रमतो की, ते कोणाचे पाय आहेत आणि ते न सोडण्याची किंमत कोणी मोजली, याचा विचार मनात येतच नाही.

स्त्रीद्वेष म्हटला की आपल्याला शिवीगाळ, अश्लील विनोद, कजाग सासू किंवा कुलटा नायिका आठवते. पण बाईला मखरात बसवूनही तिचा आवाज काढून घेता येतो, आणि त्या प्रकाराला विरोध करणे अधिक अवघड जाते, कारण तो प्रेमाच्या आणि भक्तीच्या भाषेत होतो.

'तो काळच तसा होता' असे उत्तर आपल्या मंडळात कोणीतरी देईल. ते पूर्ण खरे नाही. याच बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड यांचे भारतीय स्त्रियांच्या स्थितीविषयीचे इंग्रजी पुस्तक १९११ मध्ये, म्हणजे नाटकाच्या आठ वर्षे आधी, प्रसिद्ध झाले होते. पुढे १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्षा झाल्या. बडोदे संस्थानाने १९३१ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला, त्या वेळी 'एकच प्याला' रंगभूमीवर येऊन अवघी बारा वर्षे झाली होती. उर्वरित देशातल्या बहुतेक हिंदू स्त्रियांना त्यासाठी १९५५ पर्यंत थांबावे लागले. तेव्हा सिंधूवर डोळे पुसणाऱ्या प्रेक्षकांच्या काळातच, त्याच शहरात, असह्य संसारातून बाहेर पडण्याच्या वाटेचा विचारही चालू होता.

त्याही मागे जायचे तर १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. तिला निमित्त झाले आपल्या शेजारच्या सुरतेतील खटल्याचे. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली (ती पुढे सौम्य करण्यात आली) आणि त्यावरून वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर टीकेची झोड उठली. ताराबाईंनी स्त्रियांवर लादले जाणारे दुर्गुण एकेक करून हाती घेतले आणि ते पुरुषांत किती आहेत ते दाखवले. तत्कालीन कथा-नाटकांतून रंगवल्या जाणाऱ्या स्त्रियाही त्यांच्या तडाख्यातून सुटल्या नाहीत. मराठीत साहित्यातल्या स्त्रीचित्रणाची चिकित्सा एका स्त्रीने इतक्या लवकर केली, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. प्रत्यक्षात ते पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत ते फार थोड्यांना ठाऊक होते.

नाटक टाकून देऊ नका. प्रवेश जरूर करा, मात्र सुनेवर भूमिकेची सक्ती करू नका. निवडलेल्या प्रवेशांत, सुधाकराला दारूची चटक लावणाऱ्या तळीरामाच्या बायकोला, गीतेला, जागा द्या. ती गप्प बसून सोसणारी नाही आणि तिच्या शेजारी सिंधू वेगळी दिसू लागते. प्रयोगाआधी दहा मिनिटांचे प्रास्ताविक सुनेला लिहू द्या, तिच्या आक्षेपासह. ताराबाईंचा एखादा उतारा तिने त्यात वाचला तर फारच उत्तम.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. 'शांतता! कोर्ट चालू आहे' वाचताना लीला बेणारेबद्दल जे बोलले जाते ते सहन होत नाही. मग तेंडुलकरांना स्त्रीद्वेष्टे म्हणायचे का?
— एक विद्यार्थी, बडोदे

उत्तर : नाही. पात्र जे बोलते ते लेखकाचे मत असतेच असे नाही. त्या बोलण्याकडे कृती कोणाच्या बाजूने पाहते, हे तपासावे लागते. १९६७ मधल्या या नाटकात हौशी नटांचे टोळके खेळ म्हणून अभिरूप न्यायालय भरवते आणि बेणारेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवते. हा आरोप आणि सुरतेच्या विजयालक्ष्मीवरचा आरोप शेजारी ठेवून पाहा, ऐंशीहून अधिक वर्षांत किती थोडे बदलले ते कळेल. ज्याच्यापासून बेणारेला दिवस गेले आहेत तो प्राध्यापक दामले या न्यायालयात फिरकतही नाही. त्याची ती गैरहजेरी नाटककाराने हेतुपूर्वक ठेवलेली आहे. शेवटी बेणारे बोलते तेव्हा बाकीची पात्रे जागच्या जागी थिजलेली असतात, म्हणजे तिचे म्हणणे न्यायालयापर्यंत पोचत नाही, फक्त आपल्यापर्यंत पोचते. आपल्याला सहन झाले नाही, कारण तेंडुलकरांनी आपल्याला तिच्या बाजूला बसवले. 'एकच प्याला'शी तुलना करून निबंध लिहिणार असाल, तर दोन्ही नाटकांत स्त्रीला स्वतःविषयी बोलण्याची संधी कधी आणि किती मिळते, येथून आरंभ करा.

प्रश्न : घरात रोज संध्याकाळी मालिका चालू असतात. बाईचे वाईट बाईच करते, हेच माझी बारा वर्षांची मुलगी त्यांतून शिकते आहे. टीव्ही बंद करावा का?
— एक गृहिणी, मांजलपूर

उत्तर : मालिकेचे अर्थकारण आधी समजून घ्या. प्रेक्षकसंख्येचे आकडे आठवड्याला येतात, कथा वर्षानुवर्षे लांबवायची असते आणि खर्च वाचवण्यासाठी बहुतेक प्रसंग एकाच घरात घडवायचे असतात. अशा वेळी खलनायिका घरातलीच जाऊ, नणंद किंवा सासू असणे सोयीचे ठरते. घरातला कर्ता पुरुष आईचे ऐकून बायकोवर संशय घेतो, पुढच्या भागात पश्चात्ताप करतो आणि त्याला कोणी जाब विचारत नाही, हे मात्र आपल्या लक्षातून निसटते. सासूबाई टीव्ही पाहत असतील तर तो एकाएकी बंद केल्याने घरात कटुता येईल. त्याऐवजी मुलीसोबत बसा आणि भाग संपल्यावर तिला विचारा की, या सगळ्या भांडणात घरातले पुरुष काय करत होते. बारा वर्षांच्या मुलीला याचे उत्तर स्वतःहून देता येते. तिचे उत्तर आम्हाला कळवलेत तर पुढील अंकात अवश्य छापू.