निळा डाग दिसला की लगेच नाचू नकोस

अगं, म्हाताऱ्या उंदराच्या मेंदूचा काप निळा झाला म्हणजे पेशी जरठ (म्हणजे विभागणं कायमचं थांबलेल्या) झाल्या, असं लगेच वहीत लिहू नकोस. बीटा-गॅलॅक्टोसिडेज या एन्झाइमचा हा रंग वयस्क न्यूरॉनही धरतात, आणि ते तर मुळात विभागतच नाहीत! पी१६, पी२१ ही विभाजन रोखणारी प्रथिनंही सोबत बघ. रंगवायच्या द्रावणाचा पीएच ६.० हवा. प्लेट कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवलीस की पीएच घसरतो. माझे दोन आठवडे असेच पाण्यात गेले. मायटोकॉन्ड्रिया बिघडून आलेल्या जरठपणात आयएल-६ हे दाहाचं प्रथिन वाढेलच असं नाही, तेवढ्यावरून पेशी धडधाकट ठरवू नकोस. फ्लुरोसन्स (चमकणाऱ्या रंगांची तपासणी) करताना एक काप बिनरंगाचा ठेवच. वयाबरोबर साचलेलं लायपोफ्युसिन हे रंगद्रव्य स्वतःच चमकतं, हिरव्यातही आणि लालमध्येही.